रहाटाचे गाडगे आणि झाडाचे पान

एकदा एका वृद्ध आचार्यांसमोर त्यांचा दिगंबर नावाचा एक शिष्य गाठोडे बांधून उभा राहिला आणि घरी जाण्याची अनुज्ञा मागू लागला. आचार्यांचा आश्रम पोथ्यांच्या नकला करण्याबद्दल ख्यात होता. तिथली कामाची रीत अशी, की एकाने शाई कालवायची, दुसऱ्याने रेघा आखायच्या, तिसऱ्याने अक्षर उतरवायचे. आणि वाट्याला आलेले काम माणसाला कायमचे चिकटायचे. हा शिष्य आल्यापासून कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत होता. पोथीत काय लिहिले जाते, हे त्याला शिकवायला कोणालाच सवड झाली नव्हती. तो चिडलेला नव्हता. चिडण्याइतके त्राण उरले नव्हते.

आचार्यांनी नेहमीचे उत्तर दिले. आश्रम हा एक देह आहे, प्रत्येक शिष्य त्याचा अवयव आहे, आणि देहापासून तुटलेला हात नावापुरताच हात उरतो, हे त्यांनी याआधीही अनेकांना समजावले होते.

"गुरुजी, बोट सुजलं तर सगळं अंग ठणकतं," शिष्य म्हणाला. "मागे मी तापाने पडलो, तेव्हा दुपारच्या आत दुसरा कोणी माझ्या जागी बसला. आश्रमाला काहीच झालं नाही. तुमच्यापर्यंत तर बातमीही आली नसेल."

ती आली नव्हती. आचार्य उठून विहिरीकडे चालू लागले, आणि शिष्यही मागोमाग गेला. विहिरीवर रहाट चालू होता. आचार्यांनी बैल थांबवला, माळेतले एक धड गाडगे सोडले, काठावरच्या ढिगातले दुसरे त्या जागी बांधले आणि बैल पुन्हा हाकला. पाणी पूर्वीसारखेच पाटात पडू लागले. चांगले गाडगे का बदलले, हे शिष्याला कळेना. विचारण्याचाही त्याला कंटाळा आला.

"रहाटाला काही जाणवलं?" आचार्यांनी विचारले.

"त्याला काय जाणवायचंय?"

आचार्य पाटाकाठच्या लिंबाखाली टेकले.

"गाडगं रहाटासाठी असतं, रहाट गाडग्यासाठी नसतो. घडवणारा बाहेरचा, फुटलं तर बदलणाराही बाहेरचा. या लिंबाचं तसं नाही. झाड पानाला पोसतं, पान झाडाला पोसतं. पानं ओरबाडली तर झाड आपली आपण नवी फोडतं. पुन्हा पुन्हा ओरबाडली तर मरतं. इथे प्रत्येक भाग दुसऱ्याचं साधनही आहे आणि साध्यही. झाडात खरोखर काही हेतू वसतो का, हे मला ठाऊक नाही. तसं मानल्यावाचून झाड आपल्याला समजत नाही, एवढंच म्हणता येतं." त्यांना दम लागला होता. "मी रहाट चालवत आलो, दिगंबरा, आणि त्याला देह म्हणत आलो."

जर्मनीतल्या चिद्वादी, म्हणजे चैतन्यालाच मूळ मानणाऱ्या, तत्त्ववेत्त्यांनी यंत्र आणि सजीव यांच्यात हाच भेद केला आहे. पुढे त्यांच्यातल्या काहींना राज्यालाही सजीव म्हणण्याचा मोह झाला, आणि 'सजीव' हा नेमका शब्द तिथे सैल पडला. आचार्यांचा 'देह' हा शब्दही तसाच सैल पडला होता. फरक इतकाच, की त्यांना ते समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकावे लागले.

त्यांनी शिष्याला राहण्याचा आग्रह केला नाही. अनुज्ञा दिली. राहायचे ठरवले, तर उद्यापासून त्याचा पाठ आधी होईल आणि घोटण्याचे काम पाळीपाळीने सगळ्यांकडे जाईल, खुद्द आचार्यांकडेही, एवढे सांगितले.

"तुमच्याने घोटवेल?"

"नाही. कागद फाटतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्यांनी घोटायला घेतलेले कागद फाटलेच. लेखनिक कोरडा बोरू घेऊन बसून राहिला, कालवलेली शाई दाटत गेली. आत शिष्य आचार्यांसमोर पोथीची पहिली ओळ अडखळत वाचत होता. बाहेरून कोणीतरी आवाज दिला, की कागद हवेत, काम अडले आहे. सवयीने तो उठू लागला.

"अडू दे," आचार्य म्हणाले.

तो बसला, आणि त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.