तीन मुठी जोंधळे

चिंचहोळच्या वेशीबाहेर चिंचेखाली एक सपाट काळा दगड आहे. गावात दर दोन-तीन वर्षांनी सुगी झाली की हेळवी येतो. घरोघर फिरून पिढ्यांची नावं म्हणून दाखवणं हा त्याचा धंदा, आणि बैलावर बसून यायचं ही त्याची जुनी रीत. इतर गावांत तो थेट दारापर्यंत बैलावरून जातो. चिंचहोळला मात्र या दगडाशी उतरतो, कासरा हातात धरतो आणि पायी आत शिरतो. पाहुण्यांनी कारण विचारलं की गावातले सर्वांत वयस्क चनगोंडा आण्णा आधी उपरण्याने दगड झटकतात, पाहुण्यांना बाजूच्या पारावर बसवतात आणि मगच सांगू लागतात.

हे गाव सिदगोंडाने वसवलं. त्याच्याआधी इथे करवंदीचं रान होतं. एक बैल, एक नांगर आणि पाठीवर बियाण्याचं गाठोडं घेऊन तो एकटाच आला, म्हणे. त्याने तळं खणलं, रान मोडलं, लोक बोलावून वसवले. बापाचं नाव कोणी विचारलं की म्हणायचा, "तळ्याचं पाणी गोड हाय न्हवं? मग झरा कुठला ते कशाला पायजे?"

त्या काळी या गावचा हेळवी यंकाप्पा होता. त्याचा उजवा पाय जन्माचा आखूड. बैल हेच त्याचे पाय. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण कूळ शोधण्यावरच ज्याचं पोट, त्याने काय करावं? यंकाप्पाच्या बाडात, म्हणजे वंशावळींच्या जुन्या वहीत, शंभर गावांच्या पिढ्या होत्या. चिंचहोळच्या सिदगोंडाचं घर मात्र त्याच्याच नावापाशी येऊन थांबे, आणि तेवढी एक मोकळी जागा त्याला दातात अडकलेल्या कणासारखी सलत असे.

सिदगोंडा म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने यंकाप्पाला बोलावून घेतलं. म्हणाला, "ठावं असतं तर लपवलं नसतं, बाबा. दुष्काळात आईनं मला वाटंवर झाडाखाली बसवलं. मूठभर जोंधळे फडक्यात बांधून दिले आन म्हणाली, हितंच बस, आलेच मी. लई वाट बघितली. मग कुणाच्या तरी तांड्यामागनं निघालो. ती परत आली असंल तर मी न्हवतो तिथं. मी जगलो, एवढं तिच्या घरी कळाय पायजे."

यंकाप्पाने त्याच्या पायाला हात लावून शब्द दिला, "बापाचं नाव आणीन, तवर तुझ्या शिवारात बैलावर बसणार न्हाई."

मग तो शोधू लागला. बारा वर्षं शोधत होता, असं सांगतात. ज्या गावी जाई तिथे विचारी, दुष्काळात कोणाचं पोर वाटेवर राहिलं का? वय, कानाची पाळी, अंगावरची खूण, सगळं बाडात टिपून ठेवी. सिदगोंडाची उजवी पाळी फाटलेली होती आणि तो डावखुरा होता. माळहट्टीला एका घरी फाटक्या पाळीचं पोर हरवलं होतं. आई पाणी घेऊन परतली तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं. यंकाप्पाला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "पोरगा जगला. गाव वसवलं त्यानं." त्या घराने त्या पोराच्या नावाने मूठभर जोंधळे बांधून दिले.

चूक झाली ती इथे. परतताना तोरणहळला मुक्काम पडला आणि सवयीने त्याने तिथेही विचारलं. तिथे एक म्हातारी बहीण दर अवसेला भावाचं ताट वेगळं वाढून ठेवत होती. भाऊ डावखुरा होता. पुढे सावरगलला एका घराचं दार तीन पिढ्या रात्री कडी न लावता लोटलेलंच असे. कथा तीच, झाड तेच, "हितंच बस" तेच. त्या दुष्काळात किती आया असं म्हणाल्या असतील, कोण मोजणार? दोन्ही घरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि "तुमचा न्हवं" असं म्हणायला यंकाप्पाची जीभ वळली नाही. त्यांनीही जोंधळे बांधून दिले, आणि तीन पुरचुंड्या घेऊन तो परत निघाला.

तो इथे पोचला तेव्हा सिदगोंडाची नात गंगव्वा हिचं वऱ्हाड वेशीत उभं होतं. नदीपलीकडच्या देसायांनी अट घातली होती, हेळव्याने मुलीच्या पणज्याचं नाव चारचौघांत घ्यावं. नवरदेवाचा काका म्हणत होता, "बिनबुडाच्या घरची पोरगी आमी न्हेत न्हाई."

यंकाप्पाने तीन घरांचं सांगताच गंगव्वाचा बाप बसगोंडा त्याच्या कानाशी लागला. "तीन हाईत न्हवं? मग एक घे. पोरीला हळद लागलीया माझ्या."

यंकाप्पा या दगडाशी उभा राहिला. गंगव्वा बसगोंडाची, बसगोंडा सिदगोंडाचा, इथवर म्हणाला आणि थांबला. मग त्याने तिन्ही पुरचुंड्या सोडून दगडावर तीन राशी केल्या आणि कोणत्या घरची कोणती ते सांगितलं. म्हणाला, "यातलं एक नाव घेतलं, तर दोन घरांत त्यो आज मरंल. माझ्याच्यानं हुणार न्हाई. लगीन मोडायचं तर मोडा."

काका तोंड उघडणार तेवढ्यात देसायांची म्हातारी तायव्वा गाडीतून उतरली. तिन्ही राशींपाशी वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग त्या काकाला, आपल्या लेकाला, म्हणाली, "एका माणसाची वाट तीन घरं बघत हुती. तू बाजारात गेलास तर तुझी बायकू तरी बघती का रं? चला, अक्षता काढा."

लग्न झालं. यंकाप्पाला मात्र नाव मिळालं नाही ते नाहीच. मरेपर्यंत तो आखूड पाय ओढत या गावात पायी आला, म्हणे.

आजही हेळवी इथे उतरतो. सिदगोंडाच्या नावाशी येऊन थांबतो, गावातल्या बाया दगडावर तीन मुठी जोंधळे ठेवतात आणि सगळे पाठ फिरवून उभे राहतात. पाखरू पहिल्यांदा ज्या राशीवर बसेल ते घर खरं ठरेल, म्हणून ते बघायचं नाही, असा दंडक आहे. तरी दर खेपेला एखादी नवी सून मान वळवतेच. तिला कोणी बोलत नाही. आण्णा म्हणतात, "यंकाप्पानं तरी बारा वर्सं दुसरं काय केलं?"