बारशाला टोकदार अक्षरं

‘आमच्या चिमुकलीला आशीर्वाद द्यायला नक्की या’ हे छापखान्यातल्या माझ्या स्क्रीनवर वाचलं आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. मजकूर गोड होता, पण अक्षरं कुऱ्हाडीने तोडल्यासारखी, जाड आणि टोकदार होती.

नगरसेवक उदाजीराव थोरातांना नातीच्या बारशाच्या पत्रिकेवर त्यांच्या मोर्चाच्या फ्लेक्सवरचाच फॉन्ट हवा होता.

“साहेब, हा घोषणेला शोभतो हो. पाळण्याला जरा गोलसर अक्षर...” मी चाचरत म्हटलं.

“अक्षराला कुठं आवाज असतो गं? असला तर ऐकव, नाहीतर उद्यापासून घरी बस!” त्यांनी टेबलावर हात आपटला. मी दचकले, आणि शेजारी उभे असलेले छापखान्याचे मालकही दचकले.

“मग छापण्याआधी तुमच्या व्याह्यांना दाखवू या का?”

“दाखव की! खूश होतील.” त्यांनी आपला मोबाइल पुढे सरकवला.

मी त्यावरून पत्रिका पाठवली. तिकडे ती वाचल्याची निळी खूण आली, तसा फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. साहेब मिशीत हसले. अखेर फोन उचलला गेला, आणि मी स्पीकर चालू केला.

“साहेब,” व्याह्यांचा आवाज कापत होता, “आम्ही सगळे माफी मागायला निघालोय. फक्त आमचं चुकलं काय, तेवढं सांगा!”