लोहाराची भट्टी आणि शिंप्याची केळी

एका नदीच्या दोन काठांना दोन गावे होती आणि मधल्या बेटावर दोन्ही गावांची मिळून एक तालीम होती. तिथे मुठींची लढत शिकवत. मुठींना कापसाच्या जाड पट्ट्या बांधायच्या आणि समोरच्याला ठोसे मारून खाली बसवायचे, असा तो खेळ.

वर्षातून एकदा जत्रेत दोन्ही गावांचे गडी लढत. आदल्या संध्याकाळी धान्याच्या मोठ्या तराजूत त्यांचे वजन होई. एका पारड्यात गडी, दुसऱ्यात ज्वारी. पोत्याहून हलका भरेल त्याला घरी पाठवत. पोत्यापासून दीड पोत्यापर्यंतचे धाकट्या गटात, त्यावरचे थोरल्या गटात. लढत सुरू झाली की बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडत. ती बुडेपर्यंत वेळ.

थोरल्या गटात जे गाव जिंके, त्याच्याकडे तालमीची किल्ली वर्षभर राही. वाटी बुडाली तरी दोघे उभेच असतील, तर किल्ली होती तिथेच. किल्लीवाले गाव सकाळच्या गारव्यात सराव करी. दुसऱ्या गावाला भर दुपारी यावे लागे.

अलीकडच्या गावाकडे बरीच वर्षे किल्ली होती, कारण त्यांच्या गवळ्याला थोरल्या गटात कोणी बसवू शकत नसे. पण त्या वर्षी गवळ्याचा गुडघा गेला.

“दुपारच्या उन्हात शिकवणं आता मला झेपायचं नाही,” गावचे म्हातारे वस्ताद म्हणाले. “किल्ली गेली की माझं शिकवणंही संपलं. थोरल्या गटात कोण उतरतो?”

“मी,” लोहार म्हणाला.

लोहार दर वर्षी धाकटा गट जिंकत असे. जत्रा जवळ आली की तो जेवण तोडी, धगधगत्या भट्टीशेजारी बसून घाम गाळी आणि कसाबसा दीड पोत्यात बसे. वजन झाले की मग भाकरी, दूध, पोटभर पाणी. सकाळी तो आखाड्यात उतरे, तेव्हा धाकट्या गटात त्याच्याएवढा कोणीच नसे. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

“पलीकडचा नावाडी दोन पोत्यांचा आहे,” वस्ताद म्हणाले.

“असू दे. लढत काही तराजूत होत नाही, वस्ताद. कसब लागतं.”

तालमीच्या कोपऱ्यात गावचा शिंपी पट्ट्या गुंडाळत बसला होता. तो इतका किरकोळ होता की एक पोते भरायला त्याला वजनाआधी केळ्यांची फणीच्या फणी खावी लागे. तरी धाकट्या गटात शेवटी हे दोघेच उरत. लोहार त्याला बसवी, पण वाटी बुडायला आली की मगच.

“लोहारबुवा, कसबाचं तू बोलतोस?” शिंपी म्हणाला.

“दर वर्षी तुला खाली कोण बसवतं?”

“तूच की. म्हणून तर विचारतोय.”

 वस्तादांनी लंगडत्या गवळ्याला आखाड्यात उभे केले आणि लोहाराला सांगितले, “मार.”

लोहाराने आपला नेहमीचा उजवा ठोसा लगावला. या ठोशावर धाकट्या गटातले गडी मटकन बसत. गवळ्याने डोळे मिचकावले.

“माशी बसली वाटतं,” तो म्हणाला. मग त्याने लोहाराच्या मानेवर हात टाकला आणि तो नुसता रेलला. लोहाराचे पाय थरथरू लागले. वरून एक साधाच ठोसा आला आणि लोहार मातीत बसला.

“माझा ठोसा चुकला नव्हता,” तो बसल्या बसल्या म्हणाला.

“नाहीच चुकला,” वस्ताद म्हणाले. “त्याच्यामागचं अंग इथं पुरलं नाही.”

“म्हणजे अंगच खरं? कसब काहीच नाही?”

“तसं असतं तर हा शिंपी तुझ्यासमोर एवढा वेळ टिकला असता का? अंग तुझ्या बाजूनं होतं तोवर तुला ते दिसलंच नाही. तू त्यालाच कसब म्हणत आलास.”

लोहार घरी गेला. त्या दिवशी त्याने लोखंडावर घणही नीट मारला नाही. दुसऱ्या सकाळी तो शिंप्याच्या दारात उभा राहिला.

“अंगरखा शिवायचाय? माप मोठं आहे, कापड जास्त लागेल,” शिंपी म्हणाला.

“तू माझ्यासमोर टिकतोस कसा, ते शिकव.”

शिंप्याने सुई बाजूला ठेवली. थट्टा करायला आणखी पुष्कळ जागा होती, पण त्याने केली नाही.

“तुझी एक खोड आहे,” तो म्हणाला. “ठोसा मारतोस आणि समोरचा पडतो का ते बघत उभा राहतोस. मला ती चैन कधी परवडली नाही. मी मारतो आणि तिथून निघतो. आणि मोठा माणूस रेलायला आला की त्याला ढकलत बसायचं नाही. खांद्याखालून निसटायचं. त्याचं वजन त्यालाच वाहू दे.”

जत्रेपर्यंत लोहार रोज शिंप्याबरोबर तेवढेच करत राहिला.

लढतीच्या दिवशी नावाडी आखाड्यात आला तेव्हा त्याची सावली लोहाराच्या पायांपर्यंत पोहोचली. वाटी पाण्यात सोडली. लोहाराचा पहिलाच ठोसा नेमका बसला आणि जुन्या सवयीने तो बघत उभा राहिला. नावाड्याचा हात आला आणि लोहाराचा एक गुडघा मातीला टेकला.

“बघतोस काय, तमाशा आहे का?” आखाड्याच्या कडेवरून शिंपी ओरडला.

पुरता खाली बसण्याआधीच लोहार उठला. मग त्याने मारले आणि तो निघाला. पुन्हा मारले, पुन्हा निघाला. नावाडी रेलायला येई तेव्हा तिथे कोणी नसे. पलीकडचे लोक हसू लागले, “लोहार पळतोय, भट्टी विझली.” शेवटी शेवटी नावाडी दमला, त्याचे हात खाली आले. “आता थांब आणि पाड त्याला,” असे अलीकडचेच लोक म्हणू लागले. लोहाराने ठोसा मारला, तो चांगला बसला, आणि नावाडी पडतो का हे न बघता लोहार बाजूला झाला. नावाड्याचा हात वाऱ्यातून गेला.

वाटी बुडाली. दोघेही उभे होते. किल्ली वस्तादांच्या कमरेलाच राहिली.

“अजून थोडी ज्वारी खा, मग लढायला मजा येईल,” नावाडी धापा टाकत म्हणाला. लोहाराला ते पटले.

पुढच्या वर्षीही लोहार भट्टीशी बसला नाही. पोटभर जेवून तराजूत चढला आणि सरळ थोरल्या गटात गेला. धाकटा गट पुन्हा शिंप्याने जिंकला.

त्या संध्याकाळी उरलेली केळी खात दोघे नदीकाठी बसले होते. लोहार म्हणाला, “इतकी वर्षं मी तुझ्या गटात नसतो तर?”

“तर मी पण मारून बघत उभा राहिलो असतो,” शिंपी म्हणाला.

तात्पर्य काढायचे तर एवढेच: अंगाचे बळ जोवर आपल्या बाजूने असते, तोवर तेच आपले कसब वाटते; खरे कसब किती, हे आपल्याहून मोठ्यासमोर उभे राहिल्यावर कळते आणि तिथेच ते शिकताही येते.