बाहेरच्यांचं पाणी

मारवाडात डोंगराला भाखर म्हणतात. हरकूचा भाखर दुरून पाहिला तर गुलाबी ग्रॅनाइटचे गुळगुळीत धोंडे कुणी हौसेने एकावर एक रचल्यासारखे दिसतात. भोवती वाळू आणि तुरळक खेजडीची झाडं. या डोंगरात पाण्याची दोन टाकी आहेत. वरचं गावाचं आणि खालचं बाहेरच्यांचं. खालच्या टाक्यातलं पाणी गावचा माणूस तोंडात घेत नाही.

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. माझे दीर सोने-गलाईच्या धंद्यासाठी विट्याहून तिकडे गेले ते तिकडचेच झाले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे होतो, आणि एक दिवस दिरांना आणि मुलीला घेऊन भाखरावरची जुनी चित्रं बघायला निघालो. वाट दाखवायला वगताराम होते, पांढरी अंगरखी आणि लाल पागोटं घातलेले म्हातारे राबारी धनगर.

कपारीत गेरूच्या रंगाची चित्रं होती. बैल, हरणं, उंट. सगळी माना खाली घालून एकाच दिशेला चाललेली. त्यांच्या खालीच ते टाकं. वगतारामनी लोटा भरून माझ्या मुलीपुढे धरला. आमच्या ह्यांनी तो मधेच घेतला आणि म्हणाले, आधी तुम्ही प्या. म्हातारा मान हलवून मागे सरला.

"स्वतः पीत नाही आणि आपल्या पोरीला पाजतोय," हे हळूच म्हणाले. "काहीतरी आहे या पाण्यात."

वगतारामना मराठी येत नव्हती, पण सूर कळला असावा. ते धोंड्यावर बसले आणि सांगू लागले. दीर आम्हाला मराठीत सांगत गेले.

फार पूर्वी इथे एकच टाकं होतं म्हणे, वरचं. त्यावर गाव आणि गावाची जनावरं जगत. राखण दलाकडे होती. दला गावचा पंच, शब्दाचा पक्का, पण कुणावर सहज विश्वास न टाकणारा. त्याच्या मुलाचं, रावताचं, लग्न झालं ते वाळवंटापलीकडच्या मुलीशी. तिचं नाव हरकू. तिची बोली वेगळी, ओढणी बांधायची तऱ्हा वेगळी. तिचे भाऊ उंट घेऊन कुठे कुठे फिरत असत, म्हणून गावाला ती पहिल्यापासून जरा परकीच वाटली.

मग पाऊस चुकला. दला रोज सकाळी पाण्याच्या कडेला कोळशाची रेघ ओढी. पाणी वाटून झाल्यावर जेवढं उतरायला हवं त्याहून जास्त उतरायला लागलं. चोरी होते आहे, एवढं सगळ्यांना कळलं. कोण करतं, तेही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं. कारण भर दुपारी, गाव सावलीला पडलेलं असताना, हरकू एकटीच भाखरावर जाई. परत येई तेव्हा तिच्या घागऱ्याला वाळू असे आणि नखांत ओला चिखल. भावांच्या उंटांना पाणी देते, असं बायका आपसांत बोलू लागल्या.

दलाने टाक्याभोवती राख पसरली. राखेत पाऊल उमटलं नाही, आणि पाणी तर उतरलंच. त्यावरही लोक म्हणाले, पोरगी हुशार आहे, राख सारखी करून जात असेल. संशयाला काय, पुरावा मिळाला तरी तो वाढतो आणि नाही मिळाला तरी वाढतो.

शेवटी दलाने तिला पंचांसमोर उभं केलं आणि वर काय करतेस म्हणून विचारलं. सासऱ्यापुढे सून बोलत नसे. हरकू त्या दिवशी घुंगटाआडून पहिल्यांदा बोलली.

"चित्रातली जनावरं माना घालून काय पितात, ते शोधते."

लोकांना ती थट्टा वाटली. दलाने सांगितलं, पाणी कुणाला देतेस ते कबूल करेपर्यंत तुझा वाटा बंद. हरकूने नवऱ्याकडे पाहिलं. रावता जमिनीकडे बघत राहिला. मग ती म्हणाली, की आता वाटा दिलात तरी मला नको. रिकामी घागर घेऊन ती भाखर चढून गेली.

ती भावांना आणायला गेली, अशी दलाची खात्री होती. तो काठी घेऊन स्वतः टाक्यावर जाऊन बसला. अख्खा दिवस कुणी आलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाणी कोळशाच्या रेघेखाली गेलं. दला हादरला. त्याने कातळाला कान लावला, तेव्हा आत कुठेतरी टपटप ऐकू आली. टाक्याच्या तळाला भेग होती. आवाजाचा माग काढत तो खाली उतरला, तो या कपारीपाशी आला.

इथे तेव्हा नुसती वाळू होती. वाळूत हातांनी उकरलेला खोल खड्डा होता, आणि खड्ड्याच्या तोंडाशी हरकू पडलेली. बोटं सोललेली, ओठ फाटलेले. तिचे हात मनगटापर्यंत पाण्यात होते. वरून झिरपलेलं सगळं पाणी इथे वाळूखाली साठत होतं. ज्यांनी चित्रं काढली त्यांना ते माहीत होतं. गाव विसरलं होतं.

दलाने ओंजळीने तिला पाणी पाजलं. ती उठून बसली. मग त्याने स्वतःसाठी ओंजळ भरली. दिवसभर त्याच्याही घशाखाली काही गेलं नव्हतं.

"बापजी, तुमचं पाणी वर आहे," हरकू म्हणाली. "मी बाहेरची. हे बाहेरच्यांचं."

दलाने ओंजळ सोडून दिली. तिने घागर भरली आणि पश्चिमेची वाट धरली. रावता मागून धावत गेला. तिने त्याला बरोबर घेतलं की नाही, हे गावाला कधी कळलं नाही, असं सांगतात. दोघंही परत आले नाहीत.

दलाने तिथेच शपथ घेतली, की गाव हे पाणी पिणार नाही आणि वरची भेगही बुजवणार नाही. पुढे असे दुष्काळ आले की वरचं टाकं कोरडं पडलं आणि खालचं भरलेलं होतं. तेव्हा लोक वाळू तुडवत दूरच्या गावाहून पाणी आणत, पण इथे कुणी वाकलं नाही.

आजही ती भेग तशीच आहे. मधे कुणी साहेब सिमेंट घेऊन आले होते, त्यांना गावाने चहा पाजून परत पाठवलं. आणि आजही लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या दिवशी इथे आणतात. ती बाहेरची, म्हणून हे पाणी जन्मभर तिचं.

लोटा आमच्या ह्यांच्या हातातच होता. त्यांनी तो मुलीला दिला. मी वगतारामना विचारलं, की इतक्या वर्षांत कधी पिऊन बघावंसं वाटलं नाही का?

म्हातारा हसला. "बाईसा, माझी बायको पन्नास वर्षं पिते आहे. गोड आहे म्हणते. तिचा शब्द पुरे."