पडद्यावरचा टॉवेल

"पण भिंतीपलीकडचं भिंतीतून कसं दिसणार, सर?"

डॉ. निनाद खर्डेकरांनी विचारलं. नळी त्यांच्या हातात होती. तिचं दुसरं टोक चंपाबाईंच्या तोंडातून, जठर ओलांडून, आतड्याच्या सुरुवातीला पोचलं होतं. त्या टोकाला कॅमेरा होता आणि सोनोग्राफीही. पडदे दोन. बाई गुंगीत. कावीळ डोळ्यांपासून तळपायापर्यंत.

खर्डेकर कॅमेऱ्याचे मोठे कलाकार. गिळलेलं नाणं पेशंटला ढेकर यायच्या आत बाहेर काढतात, असं सांगतात. सांगणारे बहुधा तेच.

बाईंचा नवरा सोपान बाहेर बाकावर बसला होता. "गाठ असणार. पोट उघडावं लागेल," असं खर्डेकरांनी सकाळीच त्याला दारातून, जाता जाता, सांगून टाकलं होतं. हातातला चहा त्यानं अजून प्यायला नव्हता.

धारवाडकर सर स्टुलावर होते.

"काय दिसतंय?"

"कॅमेऱ्यात सगळं. हवा भरून आतडं छान फुगवलंय. गुलाबी, स्वच्छ. सोनोग्राफीत नुसता धुरळा. मशीन बिघडलंय, सर."

"मशीन..."

सर उठले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर टॉवेल टाकला. परत येऊन बसले.

"सर, आता मी आंधळा."

"बरं झालं. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. हवा काढून घे."

"आतडं मिटेल. त्याची भिंत टोकाला चिकटेल."

"चिकटू दे."

हवा काढायची ती नळी बाहेर घेताना, ही खर्डेकरांची जन्माची सवय. बोट बटणावर अडखळलं...

मग हवा गेली. टोकाचा छोटा फुगा पाण्यानं भरला. भिंत येऊन टेकली.

दुसऱ्या पडद्यावरचा धुरळा बसला. भिंतीपलीकडची पित्ताची नळी दिसू लागली. तिच्यात पांढरा ठिपका. ठिपक्यामागे काळी सावली.

"खडा," खर्डेकर पुटपुटले.

"आणि गाठ?"

खर्डेकरांनी टोक हळूहळू फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"नाही सर. स्वादुपिंड साफ आहे. पोट उघडायची गरज नाही. खडा तोंडावाटेच काढता येईल."

"हं."

"टॉवेल काढू?"

"राहू दे. आधी सोपानला सांगून ये."

सरांनी नळी आपल्या हातात घेतली. खर्डेकरांनी दार अर्धं उघडलं, मान बाहेर काढली.

"अहो, ऐका..."

"दारातून नको," सर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "बाकावर जाऊन बस. खांद्याला खांदा लागू दे. मग बोल."