जावईबापू आणि कुंभाराची गाढवी

धोंड्याच्या महिन्यात जावयाची चूक आहे, असं म्हणायचं कुणी?

आडवाडीचे तात्यासाहेब खराडे नेमके याच पेचात सापडले. अधिक महिना म्हणून त्यांनी लेक-जावयाला बोलावलं, अनारशांचं ताट दिलं, आणि गावाला थाट दिसावा म्हणून वर नवीकोरी मोटारसायकल दिली. जावईबापू प्रतापराव दुसऱ्याच दिवशी ती घेऊन तळ्याकडे निघाले आणि वळणावर म्हादबा कुंभाराच्या गाढवीच्या गोणीवर आदळले. दिवा फुटला, मडगार्ड चेपलं, आहेराचा सफारी चिखलात लोळला. गाढवी मात्र अंग झटकून, उरलीसुरली माती घेऊन वेळेवर घरी पोचली.

तात्यासाहेब तंटामुक्तीचे अध्यक्ष. गावातला तंटा गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणजे जावयाच्या भांडणात सासराच पंच! मारुतीच्या देवळापुढे सतरंजी पडली आणि गाव जमलं.

"मी माझ्या कडेनं चाललो होतो," प्रतापराव म्हणाले. "गाढव रस्त्याच्या मधोमध. त्याला चुकवायला गेलो, तर गाडी आपोआप पलीकडच्या चरात गेली. गाढवासोबत माणूससुद्धा नव्हतं."

शेवटचं तेवढं खरं होतं. म्हादबाची लेक शेवंता तळ्यावर माती खणून गोण्या भरायची आणि गाढवीच्या पाठीवर थाप मारायची. गाढवी एकटीच घरी जायची. तिथे म्हादबा गोण्या रिकाम्या करून तिला परत पाठवायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"झालं तर मग," तात्यासाहेब म्हणाले. "चालवणारा नसलेलं वाहन रस्त्यावर आलं, की दोष त्याच वाहनाचा. म्हादबा, गाढवी आमच्या गोठ्यात आणून बांध. तिला विकून गाडी दुरुस्त करू."

म्हादबाची कंबर कधीच कामातून गेली होती. गाढवी गेली की माती बंद, माती बंद की चाक बंद. म्हादबा तर हात जोडून उभाच राहिला.

"तात्यासाहेब," शेवंता पुढे आली, "साक्षीदार न बघता निकाल दिला व्हय?"

मागे कुणीतरी खोकलं. तात्यासाहेबांना टोकलेलं खपत नसे. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"आण की साक्षीदार. पण कसा? खोटं न बोलणारा. कुणाच्या बाजूचा नसलेला. आणि मला न भिणारा! असा आडवाडीत सापडला, तर उद्या सकाळी वळणावर हजर कर."

सगळे हसले. असा माणूस गावात नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सकाळी वळणावर ही गर्दी. तात्यासाहेब खुर्ची टाकून बसलेले, बाजूला प्रतापराव मोटारसायकल धरून उभे. शेवंता आली ती गाढवीला घेऊन, मागून म्हादबा.

"साक्षीदार कुठाय?"

"ही काय. जन्मात खोटं बोलली नाही. कुणाची बाजू घ्यायची तिला अक्कल नाही. आणि तुम्हाला भिते का, ते बघाच."

गाढवीने तात्यासाहेबांकडे बघितलं आणि त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक चघळायला घेतलं. तात्यासाहेबांनी ते घाईघाईने ओढून घेतलं. लोकांनी तोंडं फिरवून हसू दाबलं.

शेवंताने गाढवीच्या पाठीवर थाप मारली. गोण्या हलवत गाढवी निघाली ती डाव्या कडेने, चराला लागून. वळण आलं, ती कडेकडेनेच वळली. समोरून एक बैलगाडी आली, तरी हिने कड सोडली नाही. बघता बघता ती गावाच्या दिशेने दिसेनाशी झाली.

"आज गेली असेल कडेनं," तात्यासाहेब म्हणाले. "त्या दिवशी मधून गेली नसेल कशावरून?"

"बरं, तिचं सोडा. आता दुसरा साक्षीदार. जावईबापू, गाडी चालू करा, तोंड सरळ करा आणि द्या सोडून."

प्रतापरावांनी हँडल आणखी घट्ट धरलं. "सोडून कशी देऊ? पडेल ना! चालवल्याशिवाय ती सरळ जाईल होय?"

"मग त्या दिवशी आपोआप चरात कशी गेली?"

प्रतापराव हँडलवरची धूळ पुसू लागले, तशी शेवंता पंचांकडे वळली.

"तात्यासाहेब, आमचं वाहन चालवणाऱ्याबिगर नीट घरी जातं. यांचं तर उभंबी राहत नाही. म्हंजे ते जिथं गेलं, तिथं यांनीच नेलं. आणि चर आमच्या कडेला, यांच्या नाही; म्हंजे हेच आमच्या कडेला आले. जावईबापू, एक विचारू? लायसन हाय का?"

"म्हणजे... अजून काढायचंय."

तात्यासाहेबांच्या कपाळावर घाम आला. न्याय सरळ दिसत होता. पण धोंड्याच्या महिन्यात, भर गावात, जावयाला दोषी ठरवायचं? लेक काय म्हणेल? व्याही काय म्हणतील?

"पोरी," ते हळूच म्हणाले, "या महिन्यात जावयाला दोष देत नाहीत गं."

"कोण देतंय?" शेवंता म्हणाली. "जावईबापूंनी गाडी मागितलीच नव्हती. चालवता येतं का, हे न विचारता ज्यानं हौसेनं दिली, दोष त्याचा. भरपाईबी त्यानंच द्यावी. जावयाचा मानबी राहील आणि न्यायबी हुईल!"

तात्यासाहेब असे गदागदा हसले की खुर्ची करकरली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, सांडलेल्या मातीचे आणि फाटक्या गोणीचे पैसे म्हादबाच्या हातावर ठेवले, गाढवीसाठी चण्याचं पोतं लावून दिलं. शेवंतासाठी घरातून चांगलं लुगडं मागवलं.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "उद्यापासून तंटामुक्तीच्या सतरंजीवर माझ्या शेजारी बसायचं. पुन्हा अशी समोर उभी राहिलीस, तर माझं काही खरं नाही!"