पाहुण्याची फांदी

फार जुन्या काळी माळावरच्या एका पिंपळावर पाखरांचं विद्यापीठ भरायचं. एका हिवाळ्यात तिथे दूरच्या थंड मुलखातून एक करकोचा शिकायला आला. कुलगुरू धनेशांनी त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि सगळ्यांत उंच फांदी त्याच्यासाठी राखून ठेवली.

“सर, आम्हा करकोच्यांना फांदी पायात धरता येत नाही,” तो संकोचून म्हणाला. “आम्ही जमिनीवरच उभे राहतो. एखादा तास खाली घ्याल का?”

“अरे, एवढी मानाची फांदी दिलीय तुला!” धनेश हसले. “होईल सवय.”

करकोचा खाली उभा राहून, मान वर करून शिकू लागला. निम्मं ऐकू यायचं, निम्मं वाऱ्यावर जायचं. कोल्ह्यापासून कसं वाचायचं, हा धडा मात्र कोल्ह्याच्या कानावर जाऊ नये म्हणून दरवर्षी कुजबुजत शिकवत. त्यातलं अक्षरही खाली पोचलं नाही. चार दिवसांनी पिंपळाखाली नुसती करडी पिसं उरली.

शोकसभा झाली. सगळे रडले, आणि खरंच रडले. “फांदीवर बसला असता तर वाचला असता,” साळुंकी म्हणाली. त्या फांदीला करकोच्याचं नाव द्यायचं एकमताने ठरलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याची धाकटी बहीण शिकायला आली. धनेशांनी तिला माळ घातली आणि चोच वर केली. “ती बघ, तुझ्या भावाची फांदी. आता तुझी.”

तिने मान वर करून पाहिलं. भाऊ उभा राहायचा, नेमक्या त्याच जागी ती उभी होती.